माइक टिकतो कानांमुळे

एक छोटीशी परीक्षा घेऊ. पेपर सोपा आहे आणि कॉपी करायला पूर्ण परवानगी आहे.

काल रात्री झोपण्याआधी तुम्ही जेवढी रील्स पाहिलीत, त्यात सिनेमाची, सिरियलची, कुणाच्या तरी लग्नाची नाहीतर ब्रेकअपची बातमी सांगणारे पाच-सहा चेहरे तरी नक्की असतील. हातात माइक, मागे रंगीत लाइट आणि बोलण्याचा वेग असा, की मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. त्यातल्या एकाचं नाव सांगा.

नाही ना आठवत?

आता हाच पेपर घरी द्या. आईला विचारा, पैठणी घेऊन घरोघरी जाणारे भावोजी कोण? प्रश्न संपायच्या आत ‘आदेश बांदेकर’ असं उत्तर येईल. घरात कुणी आजोबा मुंबईत गिरणीत, गोदीत नाहीतर एखाद्या ऑफिसात नोकरी करून गावी परतलेले असतील, तर त्यांना विचारा, जुन्या टीव्हीवर नटनट्यांशी गप्पा मारणाऱ्या, खळखळून हसणाऱ्या बाई कोण होत्या? ते ‘तबस्सुम’ म्हणतील आणि वर दोन किस्से ऐकवतील. ते किस्से जरा वेळ काढून ऐका, कारण आजचा विषय तोच आहे.

मनोरंजनाच्या दुनियेची खबरबात देणारा, कलाकारांना बोलतं करणारा माणूस वीस-वीस वर्षं एकाच कामात टिकतो, तो कशाच्या जोरावर? आणि आज तसं टिकणारं कुणी का दिसत नाही?

‘जुनं ते सोनं’ असलं काही मला म्हणायचं नाहीये. माझं म्हणणं सरळ आहे. ही माणसं नुसत्या चेहऱ्यामुळे टिकली नाहीत, नुसत्या आवाजामुळेही नाहीत. ती टिकली ऐकण्यामुळे. आणि टिकली म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आलं. ते वजन गेलं, की सिनेमाची बातमी आणि सिनेमाची जाहिरात यात फरक उरत नाही. तो फरक आज जवळजवळ पुसला गेलाय, आणि त्यात नुकसान तुमचं आहे. तुम्ही नुसते बघणारे असलात तरी, आणि उद्या स्वतः माइक हातात घेणार असलात तर जास्तच.

एका खुर्चीची गोष्ट

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. छोट्या शहरांत प्रक्षेपण केंद्रं उभी राहायला १९८० चं दशक उजाडलं. त्यामुळे सुरुवातीचा टीव्ही कोकणातल्या माणसाने पाहिला तो मुंबईतच, चाळीत कुणाच्या तरी खोलीत, दारात दाटीवाटीने बसून. चॅनल एकच, तेही संध्याकाळचे काही तास. ‘साप्ताहिकी’ नावाचा एक कार्यक्रम असायचा. येत्या आठवड्यात टीव्हीवर काय काय दिसणार, एवढंच त्यात सांगायचे. आज ऐकून हसू येईल, पण लोक तो चुकवायचे नाहीत. पुढचा सिनेमा कुठला, ‘छायागीत’ कधी, ‘गजरा’ कधी, हे कळायचा तोच मार्ग होता. त्या काळातली ती एंटरटेनमेंट न्यूजच म्हणा.

त्याच १९७२ मध्ये तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ सुरू झाला आणि तो चालला १९९३ पर्यंत. एकवीस वर्षं! तुमच्यातल्या अनेकांचं वयही अजून तेवढं नसेल. भारतातला पहिला टीव्ही टॉक शो म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. तबस्सुम लहानपणी ‘बेबी तबस्सुम’ म्हणून सिनेमात काम करायच्या. १९५१ च्या ‘दीदार’मध्ये नर्गिसच्या लहानपणीची भूमिका त्यांचीच. म्हणजे ज्या स्टार लोकांसमोर इतरांची बोबडी वळायची, त्यांच्यातच त्या वाढलेल्या. समोरचा कितीही मोठा असो, त्या दडपून जायच्या नाहीत आणि त्याला उगाच देव्हाऱ्यातही बसवायच्या नाहीत. पुढे सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी ‘तबस्सुम टॉकीज’ नावाने यूट्यूबवर जुन्या सिनेमाच्या गोष्टी सांगितल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी त्या गेल्या. तोवर पडदा बदलला, काम तेच राहिलं.

दुसरं नाव प्रदीप भिडे. ते मनोरंजनाच्या नाही, साध्या बातम्या द्यायचे. पण टिकण्याचा हिशोब मांडताना त्यांना वगळून चालत नाही. जवळपास चार दशकं मुंबई दूरदर्शनच्या मराठी बातम्या म्हणजे त्यांचा आवाज, असं समीकरण होतं. त्याच मुंबई दूरदर्शनवर कधीकाळी स्मिता पाटील बातम्या वाचायच्या. जीन्सवरच साडी गुंडाळून त्या कॅमेऱ्यासमोर बसायच्या, हा किस्सा तुम्ही ऐकला असेल. भक्ती बर्वे होत्या. मराठीचे प्राध्यापक आणि मुलांसाठी लिहिणारे अनंत भावे होते. कुणी तिथून सिनेमात गेलं, कुणी नाटकात रमलं. भिडे बातम्यांपाशी राहिले. जाणारे चुकले नाहीत आणि राहणारेही नाहीत. पण लक्षात घ्या, यातलं कुणीही ‘फेस’ व्हायचं म्हणून तिथे आलेलं दिसत नाही. भाषा, वाचन, रंगभूमी असं काहीतरी त्यांच्या गाठीशी आधीपासून होतं. खुर्ची नंतर मिळाली.

टीव्हीच्याही आधी जायचं तर अमीन सायानी. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर त्यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि चार दशकं या ना त्या नावाने चालत राहिली. कुठलं गाणं वर चढलं, कुठलं खाली उतरलं, हे सांगणारा हा देशातला बहुतेक सगळ्यांत लाडका आवाज. ‘भाइयों और बहनों’ म्हणायच्या काळात ते ‘बहनों और भाइयों’ म्हणायचे. ऐकणाऱ्यांत घरोघरच्या बायका-मुली आहेत, हे त्यांना नेमकं माहीत होतं.

आणि मग आपल्या डोळ्यांसमोरचे. ‘होम मिनिस्टर’ २००४ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालं आणि २०२२ च्या सप्टेंबरमध्ये थांबलं. अठरा वर्षं, आणि मुख्य सूत्रधार एकच. डॉ. नीलेश साबळे यांचं ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ ते २०२४. मराठी सिनेमा, नाटक आलं, की टीम तिकडे हजेरी लावणार, हे ठरलेलंच. हिंदीतले बडे स्टारही मराठी कार्यक्रमात येऊन बसले, ते त्याच मंचावर.

चार तास ऐकणारा माणूस

आता जरा लांब जाऊ, पण एका ओळखीच्या पुस्तकाचा हात धरून.

‘तोत्तोचान’ तुमच्यातल्या कित्येकांनी शाळेत असताना वाचलं असेल. जपानमधली एक वांड मुलगी, शाळेतून काढून टाकलेली. ती रेल्वेच्या डब्यात भरणाऱ्या एका आगळ्या शाळेत जाते. तिथले मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच भेटीत तिला म्हणतात, तुला जे सांगायचंय ते सगळं सांग. ती बोलत राहते. ते चार तास ऐकतात. ना जांभई, ना घड्याळाकडे नजर.

ही गोष्ट खरी आहे आणि ती मुलगी अजून बोलते आहे. तिचं नाव तेत्सुको कुरोयानागी. १९५३ मध्ये जपानमध्ये टीव्ही सुरू झाला, तेव्हापासून त्या पडद्यावर आहेत. १९७६ च्या फेब्रुवारीत त्यांचा स्वतःचा गप्पांचा कार्यक्रम सुरू झाला, ‘तेत्सुकोची खोली’. आठवड्याचे पाच दिवस, दुपारी, रोज एक पाहुणा. नट, गायक, खेळाडू, लेखक. २०१५ मध्ये या कार्यक्रमाने १०,००० भागांचा टप्पा ओलांडला. एकाच सूत्रधाराने सर्वाधिक भाग केलेला टॉक शो म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद आहे. वयाची नव्वदी ओलांडल्यावरही त्या तो करत राहिल्या.

या कार्यक्रमाबद्दल त्यांचा एक आग्रह प्रसिद्ध आहे: एडिटिंग नको. जे बोललं गेलं ते तसंच दाखवायचं. आता विचार करा, एडिटिंग नसेल तर सूत्रधारावर किती जबाबदारी येते! पाहुणा अडखळला, तर थांबायला लागतं. रडला, तर गप्प बसायला लागतं. भलतीकडे गेला, तर हळूच वळवून आणायला लागतं. ‘नंतर कापू’ ही सोयच नाही. हे जमवायचं तर समोरचा काय म्हणतोय याकडे शंभर टक्के लक्ष लागतं. लहानपणी एका माणसाने आपलं चार तास ऐकून घेतलं, तर मूल आतून किती सुटतं, हे त्या बाईंनी स्वतः अनुभवलंय. पुढची पन्नास वर्षं त्या इतरांना तेच देत आल्या, असं मला वाटतं.

आता परत आपल्या भावोजींकडे या. ‘होम मिनिस्टर’ची पैठणी सगळ्यांना आठवते. पण अठरा वर्षं लोक फक्त साडी कुणाला मिळते ते बघायला बसले असतील का? पैठणी दुकानातही दिसते. मला वाटतं, खरी ओढ दुसरी होती. घरातल्या बाईला कुणीतरी समोर बसवून विचारत होतं: तुमचं लग्न कसं जमलं? पहिल्यांदा या घरात आलात तेव्हा काय वाटलं? नवऱ्याची कुठली सवय आवडत नाही? आणि ती बोलायला लागली, की सासू, नणंद, जाऊबाई, शेजारपाजार सगळे गप्प बसून ऐकत होते. ज्या घरात तिला ‘चहा टाक’ याशिवाय फारसं कुणी काही बोलत नसेल, त्याच घरात त्या दिवशी तिची मुलाखत होती. ‘भावोजी’ हे नातंही कसं नेमकं बसलं बघा. भावोजींशी थट्टा चालते, तक्रार चालते आणि मर्यादाही राहते. ‘सर’ म्हणून हे झालं नसतं.

त्या कार्यक्रमात खटकण्यासारखं नव्हतं, असं नाही. बाईचं मंत्रिपद घरापुरतंच का, स्वयंपाक, सासर आणि उखाण्याच्या बाहेरचा प्रश्न तिला का नाही, असं तुमच्यातल्या एखादीला वाटलं असेल, तर ते अगदी रास्त आहे. २०२२ मध्ये अकरा लाखांच्या पैठणीवरूनही बरीच चर्चा झाली होती. पण ही टीका करतानाही एक मान्य करायला हवं. त्या सोफ्यावर जास्त वेळ कोण बोलत होतं, तर वहिनी.

वजन गेलं की काय होतं

आता आजचा सीन बघा.

नवा सिनेमा येतोय. मुंबईत एका हॉटेलात कलाकार सकाळपासून बसलेत. एकामागून एक चॅनल, पोर्टल, यूट्यूबर आत जातात. प्रत्येकाला मोजून काही मिनिटं. शेजारी पीआरची व्यक्ती घड्याळ बघत उभी. काय विचारायचं नाही, याची सूचना आधीच मिळालेली. त्यामुळे सगळीकडे तेच चार प्रश्न. शूटिंगला मजा आली का, सेटवर खोड्या कोण काढायचं, सहकलाकाराबद्दल एक शब्द सांगा, प्रेक्षकांना काय सांगाल. उत्तरंही पाठ झालेली. नट थकलेला, विचारणारा घाईत. शेवटी एक रॅपिड फायर, एक डान्स स्टेप, झालं रील तयार.

यात त्या माइक धरणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा दोष मला दिसत नाही. तो तुमच्याच वयाचा असेल, मास मीडिया नुकतंच संपवलेला. त्याने जरा वाकडा प्रश्न विचारला, तर पुढच्या वेळी बोलावणं येणार नाही. बोलावणं नाही म्हणजे व्हिडिओ नाही, आणि व्हिडिओ नाही म्हणजे नोकरी कठीण. त्याच्या जागी उभं राहायला बाहेर दहा जण तयार. ज्याला उद्याची खात्री नाही, तो आज प्रश्न कसा विचारणार? तो गोड बोलणार.

टिकण्याचा खरा उपयोग इथे आहे. ज्याने पंधरा-वीस वर्षं प्रेक्षकांचा विश्वास कमावलाय, त्याला पीआरवाला सहज बाहेर काढू शकत नाही. कारण तिथे गरज उलटी असते. नटाला त्याच्याकडे यायचं असतं. असा माणूस म्हणू शकतो, पाच मिनिटांत नाही जमणार, अर्धा तास द्या. तो म्हणू शकतो, तुमचा मागचा सिनेमा पडला, त्याबद्दल बोलू. आणि हे तो अपमान न करता म्हणू शकतो, कारण दोघांनी एकमेकांना वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं.

हे वजन सगळ्यांनी नेहमी वापरलं असंही नाही, बरं का. ‘चला हवा येऊ द्या’ हा उघडउघड प्रमोशनचा मंच होता. पण तो लपवत नव्हता. आम्ही हसवतो, तुम्ही तुमच्या सिनेमाची जाहिरात करा, असा सरळ व्यवहार होता. प्रेक्षकालाही तो माहीत होता. आज गडबड होते ती जाहिरात बातमीचे कपडे घालून येते तेव्हा. ‘या सिनेमाची सगळीकडे चर्चा’ असं कुणीतरी सांगतं आणि ती चर्चा कुठे चाललीय, ते आपल्याला काही सापडत नाही.

मग तुम्ही काय करता? सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर पैसे काढून सिनेमाला जाता, इंटरव्हलला कळतं की फसलो. दुसरीकडे एखादा चांगला, छोटा मराठी सिनेमा थिएटरमधून एका आठवड्यात उतरतो आणि तो आला होता हेसुद्धा तुम्हाला कळत नाही. कारण त्याच्याकडे पीआरला पैसे नव्हते आणि स्वतःहून शोधून ‘हा बघा’ म्हणणारं, ज्याचं आपण ऐकू असं कुणी राहिलेलं नाही. नुकसान म्हणतोय ते हे.

लांब म्हणजे चांगलं, असं असतं का?

इथे तुम्ही मला अडवायला हवं. खुर्ची अडवून बसणारे पण असतात की! तेच विनोद, तेच प्रश्न, ओळखीच्याच लोकांची तीच ती वाहवा. नवीन मुलांना जागाच मिळत नाही. अगदी बरोबर. वर्षं मोजून कुणी मोठं होत नाही. काही जण केवळ चॅनलला बदल करायची भीती वाटते म्हणून टिकतात.

मग ओळखायचं कसं? एक सोपी चाचणी सांगतो. मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. कुठलीही मुलाखत घ्या आणि दहा मिनिटांत विचारणारा किती वेळ बोलला आणि पाहुणा किती वेळ, ते मोजा. मग दुसरं बघा: पाहुण्याच्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघाला का, की कागदावरचा पुढचा प्रश्न आला? तिसरं: पाहुणा थांबला तेव्हा सूत्रधाराने ती शांतता राहू दिली, की लगेच भरून टाकली? दूरदर्शन सह्याद्रीच्या यूट्यूब चॅनलवर जुन्या मुलाखती आहेत. त्यातली एक घ्या आणि कालच्या फीडमधली एक घ्या. निकाल तुमचा तुम्हीच लावा. जुनी मुलाखतही नापास होऊ शकते, आणि तसं झालं तर तेही खुशाल म्हणा.

दुसरा आक्षेप त्याहून मोठा आहे. टिकायची संधी सगळ्यांना सारखी मिळते का? नाही मिळत. पुरुष सूत्रधाराचे केस पांढरे झाले, की तो ‘ज्येष्ठ’ होतो. बाईचे झाले, की तिला मेकअप रूममधून निरोप येतो. अमेरिकेत ‘एंटरटेनमेंट टुनाइट’ हा सिनेमा-टीव्हीच्या बातम्यांचा रोजचा कार्यक्रम १९८१ मध्ये सुरू झाला. मेरी हार्ट १९८२ मध्ये तिथे आल्या आणि २०११ पर्यंत होत्या. जवळपास एकोणतीस वर्षं रोज बातम्या दिलेली बाई. पण जगभर गाजलेली बातमी कुठली, तर त्यांच्या पायांचा लाखो डॉलरचा विमा! काम तोंडाने आणि डोक्याने, मोजमाप पायांचं. म्हणून तबस्सुम, कुरोयानागी आणि मेरी हार्ट ही नावं मी मुद्दाम घेतली. बाईचं वय झालं की प्रेक्षक वळून बघत नाहीत, ही समजूत प्रेक्षकांनी नाही, ऑफिसात बसून कार्यक्रम ठरवणाऱ्यांनी पसरवलेली आहे. तुमच्या वर्गातली जी मुलगी अँकर व्हायचं म्हणतेय, तिला ‘लग्नानंतर काय करणार’ असं विचारण्याआधी ही तीन नावं आठवा.

रत्नागिरीत बसून काय करायचं?

‘हे सगळं मुंबईत. आपण इथे काय करणार?’ हा प्रश्न मला माहीत आहे. त्याला जोडून दुसरा येतो: ‘आमची भाषा तशी नाही.’ बोलताना हेल येतो, संगमेश्वरी मध्येच डोकावते, मुंबई-पुण्याची मुलं हसतात.

पण ऐकून उत्तर देण्याची कला या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. शक्ती-तुऱ्याचा जंगी सामना तुम्ही कधी तरी बघितलाच असेल, गावात नाही तर मुंबईतल्या एखाद्या नाट्यगृहात. समोरचा शाहीर सवाल टाकतो. तो नीट ऐकला नाही, तर जवाब बांधताच येत नाही. पाठ करून आलेला तिथेच उघडा पडतो आणि लोक ते लगेच ओळखतात. नमनातसुद्धा तेच. रात्रभर जागणारं गाव कुठे पेंगलंय, कुठे हसायला तयार आहे, हे समोर बघून ओळखावं लागतं. तुमचे काका, मामा, चुलते हे करत आलेत. टीव्हीवर आलेलं नाही म्हणून ते कमी होत नाही.

हेलाचं म्हणाल, तर शब्द स्पष्ट आणि वाक्य पूर्ण असेल, तर हेल अडचण होत नाही. अडचण होते ती उसना हेल आणला की. मराठी बोलताना प्रत्येक तिसरा शब्द इंग्रजी घालून आपण मुंबईचे वाटत नाही, आपण कुठलेच वाटत नाही. प्रमाण मराठी शिका, जरूर शिका, वाचून मोठ्याने बोलून शिका. पण आजीशी बोलायची भाषा विसरू नका. उद्या मुलाखत घ्याल तेव्हा समोरचा मोकळा होईल तो त्याच भाषेत.

आता एक काम. महागडा माइक नको, रिंग लाइट नको. फोन आडवा धरा, एका माणसासमोर बसा आणि वीस मिनिटं रेकॉर्ड करा. मध्ये थांबवायचं नाही, नंतर कापायचं नाही. माणूस कोण? मिरकरवाड्यातला एखादा तांडेल, ज्याने समुद्र बदलताना पाहिलाय. नमनात पंचवीस वर्षं संकासुर नाचवलेला कुणी. नाटकांचे पडदे ओढणारा, लाइटवाला, मेकअपवाला. म्हणजे मनोरंजनाच्या धंद्यात आयुष्य घालवलेली, पण बातमीत कधीच न आलेली माणसं. त्यांची परवानगी घ्या. जाण्याआधी त्यांच्या कामाबद्दल दोन तास माहिती काढा. प्रश्न सहाच लिहून न्या, आणि त्यातले चार विचारायची वेळच आली नाही तर समजा, गाडी बरोबर चाललीय.

पहिल्या खेपेला काय होईल, तेही सांगून ठेवतो. तुम्ही फार बोलाल. समोरचा थांबला, की घाबरून पुढचा प्रश्न फेकाल. रेकॉर्डिंग ऐकताना स्वतःचा आवाज नकोसा वाटेल. ते सगळ्यांचंच होतं. पाचव्या खेपेला तुम्ही थोडं गप्प बसायला शिकाल. दहाव्या खेपेला कुणीतरी तुम्हाला असं काहीतरी सांगेल, जे त्याने घरीही कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी व्ह्यूज किती आले, हे बघायचं तुम्ही बहुधा विसरून जाल.

यातून नोकरी लागेलच, असं वचन मी देणार नाही. टीव्हीचा धंदा बदलतोय. अठरा वर्षं चालणारा कार्यक्रम पुन्हा होईल की नाही, सांगता येत नाही. म्हणून पोटापाण्याची दुसरी सोय हाताशी ठेवाच. अनंत भावे शिकवत होते आणि बातम्याही देत होते. त्यात कमीपणा काही नाही. उलट दुसरा आधार असला, की गोड बोलायची सक्ती राहत नाही.

कॉलेजच्या गॅदरिंगला यंदाही कुणीतरी पाहुणा कलाकार येईल. प्राचार्यांच्या भाषणानंतर त्याच्याशी दहा मिनिटं गप्पा मारायला एक विद्यार्थी लागेल आणि नेहमीप्रमाणे ‘जो छान बोलतो’ तो शोधला जाईल. यंदा तुमच्या कल्चरल कमिटीने निकष बदलून बघावा. जो छान ऐकतो, त्याला पाठवा. पहिला प्रश्न त्याने कागदावरून विचारला तरी चालेल. दुसरा मात्र पाहुण्याच्या उत्तरातून यायला हवा.